‘हृदयबल्य’ या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा

आपल्या व्यवहारातील काही शब्द इतके रुळलेले आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणासच भासत नाही. ‘हृद्य’ आणि त्यामागून प्रचारात आलेला ‘हृदयबल्य’ हे असेच दोन शब्द होत. औषधांच्या वेष्टनांवर ते छापलेले असतात आणि दुकानाच्या फळीवर त्यांची वेगळी रांग लागलेली असते. इस्पितळातून नुकताच घरी आलेला, जिना चढताना धाप लागणारा, संध्याकाळी पायांवर सूज येणारा रुग्ण ‘हृदयाला ताकद येईल असे काही द्या’ म्हणू लागला, की आपला हात सवयीने त्या रांगेकडे जातो.

हृदयाला ताकद येणे म्हणजे नेमके काय? याचे दोन अर्थ संभवतात. हृदय अधिक जोराने आणि अधिक वेगाने चालावे, हा पहिला. हृदयाचा खर्च त्याच्या मिळकतीत बसावा अशी व्यवस्था करावी, हा दुसरा. पहिला अर्थ रुग्णाला तत्काळ पटतो, वैद्यालाही समाधान देतो आणि बाजारात खपतो. दुसरा तुलनेने नीरस आहे. परंतु हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा जीव या दुसऱ्या अर्थानेच वाचतो, असे गेल्या काही दशकांतील अनुभव सांगतो. आधुनिक हृद्रोगविज्ञानाने हे उत्तर फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे. ते आपण समजून घ्यावे आणि आपल्या चिकित्सेत व विक्रीत उतरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे वाचकांच्या विचारार्थ मांडत आहोत.

हातावर पोट असलेला अवयव

निरोगी प्रौढाचे हृदय सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे असते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर ते दिवसाला १ लाख ३ हजारांहून अधिक वेळा आकुंचन पावते आणि ७ हजार लिटरांच्या आसपास रक्त पुढे ढकलते. या कामाची मजुरी ए.टी.पी. नावाच्या रेणूच्या रूपात चुकती होते. हृदय दिवसाकाठी सुमारे ६ किलो ए.टी.पी. मोडते आणि पुन्हा जोडते. हा आकडा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपट भरतो. मात्र कोणत्याही एका क्षणी पेशींत असलेला साठा इतका अल्प असतो, की नवी निर्मिती थांबली तर तो काही सेकंदांतच संपावा. यकृताला कोठार आहे, मेदाला कोठार आहे. हृदयाचे पोट मात्र अक्षरशः हातावर आहे.

ही निर्मिती जवळजवळ सर्व, म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील सूक्ष्म भट्ट्यांमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने होते. हृदयपेशीच्या आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा या भट्ट्यांनीच व्यापलेला असतो. इंधनाच्या बाबतीत हृदय सर्वभक्षी आहे. त्याचा मुख्य आहार मेदाम्ले. त्यांच्या जोडीला ग्लुकोज, लॅक्टेट, किटोन आणि अमिनो आम्ले. उपलब्धतेप्रमाणे ते इंधन बदलते, हे त्याच्या आरोग्याचे एक लक्षणच मानले जाते. भट्टीत तयार झालेली ऊर्जा स्नायुतंतूंपर्यंत पोहोचवण्याचे काम क्रिएटिन फॉस्फेट करते. त्याला या व्यवहारातील हुंडी म्हणता येईल.

आता खर्चाची बाजू पाहू. निम्म्याहून बराच अधिक भाग, साधारणतः ६० ते ७० टक्के, आकुंचनावर खर्च होतो. उरलेला आयनांच्या पंपांवर जातो. त्यांतील महत्त्वाचा पंप प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियम पुन्हा त्याच्या कोठडीत नेऊन ठेवतो, आणि ते काम झाल्याखेरीज स्नायू सैल होत नाही. म्हणजेच हृदयाला आकुंचनासाठी ऊर्जा लागते, तशीच शिथिल होण्यासाठीही लागते. ही गोष्ट वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. ऊर्जेची चणचण असलेले हृदय नीट सैलावत नाही, त्यामुळे नीट भरत नाही, आणि मागे फुप्फुसांत रक्त तुंबते. इजेक्शन फ्रॅक्शन प्राकृत असूनही धाप लागणारे अनेक रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांच्या व्याधीची अन्य कारणेही असतात. परंतु एक धागा येथून निघतो.

मिळकतीला एक मोठी मर्यादा आहे. शरीर एकंदरीत रक्तातील ऑक्सिजनचा जेमतेम चौथा हिस्सा वापरते. हृदय विश्रांतीच्या वेळीही आपल्या वाट्याच्या रक्तातील ऑक्सिजनपैकी ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेते. त्यामुळे गरज वाढली की अधिक रक्त मिळवणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे राहतो. आणि डाव्या जवनिकेच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. ठोक्यांची गती वाढली की हा विसावाच सर्वांत जास्त आखडतो. म्हणजे वाढलेल्या गतीने खर्च वाढतो आणि त्याच वेळी मिळकतीचा वेळ घटतो. पुढील सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

दिवाळे कसे निघते

रुग्णाच्या हृदयात ही आर्थिक स्थिती बिघडलेली असते, ही कल्पना नवीन नव्हे. १९३९ साली अमेरिकेत हर्मन व डेचर्ड यांनी निकामी होत चाललेल्या हृदयात क्रिएटिनचे प्रमाण घटलेले असल्याचे दाखवले होते. पुढे जिवंत रुग्णाच्या हृदयातील ऊर्जारेणू चुंबकीय तंत्राने मोजता येऊ लागले. १९९७ साली जर्मनीतील स्टीफन न्यूबाउअर व सहकाऱ्यांनी विस्फारित हृदयाच्या ३९ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. क्रिएटिन फॉस्फेटचे ए.टी.पी.शी असलेले गुणोत्तर ज्यांत कमी होते, त्या गटातील ४० टक्के रुग्ण त्या काळात दगावले; ज्यांत ते बरे होते, त्यांतील ११ टक्के. रुग्णसंख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. २००७ साली याच संशोधकाने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या विषयाचा साकल्याने आढावा घेतला, आणि हृदयाची उपासमार हा विषय मुख्य प्रवाहात आला.

क्रम साधारणतः असा असतो. प्रथम हुंडी घटते, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट कमी होते. ए.टी.पी. बराच काळ सावरून धरले जाते; व्याधी पुढे गेल्यावर तेही सुमारे ३० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटते. भट्ट्यांची रचना बिघडते. प्रगत अवस्थेत मेदाम्ले जाळण्याची क्षमता मंदावते. ग्लुकोज अधिक ओढले जाते. पण ते पूर्णपणे जाळण्याचे काम त्या प्रमाणात वाढत नाही. घरात धान्य येते, चूल मात्र पेटत नाही, अशी ही अवस्था होय.

त्यातच शरीर स्वतःच्या समजुतीने मदतीला धावते आणि घात करते. रक्ताचा प्रवाह घटला याचा अर्थ शरीर रक्तस्राव झाला असा घेते. ॲड्रिनॅलिन वर्गातील स्राव वाढतात, ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. तात्पुरत्या संकटात हे उपयोगी असते. महिनोन्महिने चालले, तर आधीच कर्जबाजारी झालेल्या हृदयावर रोज नवा कर बसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऊर्जेचा तुटवडा हेच हार्ट फेल्युअरचे एकमेव कारण होय, असा आमचा दावा नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू, गळणारी झडप, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब ही मूळ कारणे आपापल्या जागी आहेतच. परंतु मूळ कारण कोणतेही असो, मार्ग पुढे याच दिवाळखोरीतून जातो. आणि कोणते औषध तारील, कोणते मारील, हे पुष्कळ अंशी येथे ठरते.

मोटेवरचा बैल

ज्यांनी विहिरीवर चालणारी मोट पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमगेल. बैल थकला, त्याचे पाय लटपटू लागले, तर त्याला चाबकाने हाणून आणखी चार मोटा काढता येतात. पाटाला पाणी येते, पाहणाऱ्याला बरे वाटते. बैल मात्र संध्याकाळी गोठ्यात पोहोचत नाही.

आधुनिक वैद्यकाने हा प्रयोग करून पाहिला आहे. मिलरिनोन हे औषध हृदयाचे आकुंचन जोरदार करते. शिरेवाटे दिल्यास रुग्णाला तत्काळ उतार पडतो, म्हणून ते गोळीच्या रूपाने दीर्घकाळ देऊन पाहावे असे ठरले. १,०८८ रुग्णांवरील ही चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक निघाले. ज्याला आपण सहजपणे ‘ताकद देणारे’ म्हणालो असतो, त्याने माणसे मारली.

याच्या अगदी उलट कथा बीटा ब्लॉकर गटाची. ही औषधे हृदयाची गती व जोर कमी करतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ती निषिद्ध मानली जात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील वागस्टाइन व सहकाऱ्यांनी १९७५ साली ती अशा रुग्णांना अल्प मात्रेत देऊन पाहिली आणि बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे १९९९ साली दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत बायसोप्रोलॉल, दुसरीत मेटोप्रोलॉल. दोन्हींत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. ज्याने बैलाला सावलीत उभे केले, त्याने त्याला वाचवले. मिनिटाला ९० ठोके पडणाऱ्या हृदयाची गती ७० वर आणली, तर दिवसाला २८,८०० ठोक्यांचा खर्च वाचतो, आणि प्रत्येक दोन ठोक्यांमधील जेवणाचा वेळ वाढतो. या औषधांचा लाभ निव्वळ एवढ्यानेच होतो असे नव्हे. परंतु २०१० साली केवळ गती कमी करणाऱ्या आयव्हाब्रॅडिन या औषधाच्या चाचणीतही हृद्रोगाने होणारे मृत्यू व इस्पितळातील भरती मिळून १८ टक्क्यांची घट दिसली. विसाव्याचे मोल यावरून कळावे.

डिजिटॅलिसचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी तिलपुष्पीच्या जातीतील या वनस्पतीचे गुण ग्रंथरूपाने मांडले. तिचे सत्त्व हृदयाचा जोर वाढवते, त्याचबरोबर गतीही मंद करते. १९९७ सालच्या मोठ्या चाचणीत डिगॉक्सिनने इस्पितळातील भरती कमी झाली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. कण्हेर, कोळकांदा या आपल्याकडील वनस्पतींत याच जातीची द्रव्ये आहेत, याची नोंद येथे घेऊन ठेवावी.

इंधन, किटोन आणि सफरचंदाची साल

हृदय निकामी होऊ लागले की ते किटोनकडे अधिक वळते, हे २०१६ साली प्राण्यांवरील व मानवी हृदयांच्या ऊतींवरील अभ्यासांतून पुढे आले. २०२० साली सायन्स या नियतकालिकात रुग्णांच्या हृदयात जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. तीतही दुर्बल हृदयाचा किटोनचा वापर दुपटीहून अधिक आढळला. याच सुमारास मधुमेहासाठी बनलेल्या एका औषधगटाने हृद्रोगतज्ज्ञांना चकित केले. डापाग्लिफ्लोझिन २०१९ साली आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२० साली, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत उपयुक्त ठरले. हृद्रोगाने मृत्यू व व्याधी बळावणे मिळून सुमारे चौथ्या हिश्शाने घट झाली. ही औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात आणि शरीरात किटोन किंचित वाढवतात. लाभ किटोनमुळेच होतो काय, याविषयी मतभेद आहेत. मीठ-पाण्याचा निचरा व अन्य परिणामही त्यात आहेत.

या गटाचे मूळ फ्लोरिझिन हे द्रव्य १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळे करण्यात आले होते. सालीपासून औषधापर्यंतचा हा प्रवास पावणेदोनशे वर्षांहून अधिक चालला. वनस्पतींवर आपला विश्वास आहे. तेवढीच चिकाटीही आपण त्यातून शिकावी.

आपल्या चिकित्सेशी याचा थेट संबंध एका धोक्याच्या रूपाने येतो. या गटातील औषध घेणाऱ्याला दीर्घ लंघन, वमन वा विरेचन घडले, तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोनांचा साठा होऊन आम्लता वाढू शकते. ही अवस्था प्राणघातक आहे, आणि साखर तपासून ती कळत नाही. शरीरातील द्रवही वेगाने घटतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे तीन दिवस आधी थांबवण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे. म्हणून पंचकर्म योजण्यापूर्वी रुग्णाच्या गोळ्यांची नावे पाहणे, आणि मूळ चिकित्सकाशी बोलल्याखेरीज शोधन न करणे, हे वैद्याचे कर्तव्य होय. किटोनच्या या संशोधनावरून हार्ट फेल्युअरच्या रुग्णास वाटीवाटीने तूप पाजावे, असा अर्थ कोणी काढू नये.

लोहाचा धडा

भट्टीच्या कामाला लोह लागते. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता आढळते, आणि ती पांडुता नसतानाही असू शकते. २००९ साली ४५९ रुग्णांवरील चाचणीत शिरेवाटे लोह दिल्याने लक्षणे व चालण्याची क्षमता सुधारली. चरकाने पांडुरोगाच्या पूर्वरूपांत हृदयाची धडधड व श्रम यांचा निर्देश केला आहे, हे स्मरता आपल्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथेच थांबणे योग्य नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २२५ रुग्णांवरील चाचणीत तोंडावाटे १६ आठवडे दिलेल्या लोहाने श्रमक्षमतेत सुधारणा झाली नाही. सुजलेल्या आतड्यांतून आणि व्याधीच्या दाहात लोहाचे शोषण नीट होत नाही. ती चाचणी आपल्या मंडूर वा लोहकल्पांची नव्हती, हे खरे. पण आपले कल्पही तोंडावाटेच जातात. म्हणून अशा रुग्णाला लोहकल्प देऊन निर्धास्त राहण्यापेक्षा फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची तपासणी करवावी आणि कमतरता दिसल्यास शिरेवाटे लोह देण्यासाठी रुग्णास पाठवावे.

अर्जुनाविषयी प्रामाणिकपणे

आता अर्जुनाकडे वळू, कारण वाचकांच्या मनात त्याचे नाव केव्हाचे घोळत असेल. १९९५ साली इंदूर येथील भराणी व सहकाऱ्यांनी अत्यवस्थ अशा १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला अर्जुनसालीचे सत्त्व देऊन सुधारणा नोंदवली. तो अभ्यास आपल्या व्याख्यानांतून आजही सांगितला जातो. २०१६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील १०० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत अर्जुनाचे प्रमाणित जलीय सत्त्व ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे, नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिले होते. इजेक्शन फ्रॅक्शनमध्ये सुधारणा झाली नाही. काही रुग्णांत कार्यक्षमता व लक्षणे यांत सुधारणा दिसली. हा दुसरा अभ्यास आपल्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतो. शास्त्राची प्रतिष्ठा निवडक पुराव्याने वाढत नसते.

दोन्ही अभ्यासांत अर्जुन ‘जोडीला’ होता, ‘ऐवजी’ नव्हता, हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे. अर्जुनक्षीरपाकाने हृदय जोराने धावू लागते असे सांगण्याऐवजी, तो एक सौम्य सहायक उपाय आहे असे सांगितले, तर आपण सत्याच्याही जवळ राहू आणि रुग्णही सुरक्षित राहील.

शब्दांच्या मुळाशी गेल्यास आणखी एक गोष्ट दिसते. चरकाच्या हृद्य महाकषायात आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशी दहा द्रव्ये आहेत आणि ती सारी आंबट फळे आहेत. अर्जुन त्यात नाही. तो उदर्दप्रशमन गणात आला आहे. म्हणजे तेथे ‘हृद्य’ शब्दात मनाला रुचणारे, आल्हाद देणारे हा अर्थ प्रधान आहे. ‘हृदयाचा पंप जोरात चालवणारे’ हा अर्थ आपण नंतर त्यावर लादला आणि वेष्टनावर छापला. ज्या काळात हा अर्थ रूढ झाला, त्या काळात आधुनिक वैद्यकही जोर वाढवणाऱ्या औषधांच्या शोधात होते. त्यांनी तो मार्ग सोडला. आपण त्या शब्दाला अजून धरून आहोत.

तीच गोष्ट ओजाची. ‘ओज म्हणजेच ए.टी.पी.’ असे समीकरण अनेक लेखांत वाचावयास मिळते. आम्हांस ते मान्य नाही. ए.टी.पी. हा क्षणोक्षणी मोडणारा व जोडला जाणारा रेणू आहे. ओज हा सर्व धातूंचा सारभूत, ज्याच्या क्षयाने माणूस भितो, खंगतो, निस्तेज होतो असा भाव आहे. एकाला दुसऱ्याचे नाव दिल्याने दोहोंपैकी कोणाचेही आकलन वाढत नाही. साम्य शोधावयाचेच असेल, तर ते आचरणात शोधावे. हृदय व ओज यांचे रक्षण करू इच्छिणाऱ्याने मनाला क्लेश देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, असे चरकाने सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे चाबकाचा उपदेश नाही. खर्च आवरण्याचा आहे.

आपण काय करावे

वैद्य व औषधविक्रेते या दोघांसाठी काही गोष्टी आम्ही सुचवितो.

१. रुग्णाची चालू औषधे आपल्या शब्दावर बंद होता कामा नयेत. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास हृदयाला घातलेला लगाम एकदम सुटतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत या गोळ्यांनी थकवा वाटतो, आणि नेमक्या याच वेळी रुग्ण ‘ताकदीचे औषध’ मागायला आपल्याकडे येतो. तेव्हा धीर द्यावा आणि मूळ चिकित्सकाकडे पाठवावे.

२. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत मांडण्यास सांगावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ते पुष्टीचे लक्षण नव्हे; पाणी साचले आहे. त्याच दिवशी चिकित्सकास कळवावे.

३. मिठाचा हिशेब ठेवावा. पापड-लोणच्यांबरोबर लवणयुक्त चूर्णेही त्यात मोजावीत. लवणभास्कर हे ठळक उदाहरण. यष्टिमधु अधिक काळ दिल्यास शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात हे विशेष घातक आहे. खोकल्यासाठी मागितलेले जेष्ठमधही येथे तपासून द्यावे.

४. वत्सनाभयुक्त कल्प अशा रुग्णास देऊ नयेत. त्रिभुवनकीर्ती तापासाठी सहज मागितला जातो. वत्सनाभ हृदयाची लय बिघडवू शकतो, आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-एक अनुसूचीत तो विषारी द्रव्यांत गणलेला आहे. गिऱ्हाइकाला ‘हृदयाची काही औषधे चालू आहेत काय’ एवढा एक प्रश्न विचारण्यास दहा सेकंद पुरतात.

५. पुनर्नवा, गोक्षुर इत्यादी मूत्रल द्रव्ये आधुनिक मूत्रल औषधांच्या जोडीला देताना रक्तदाब, क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

६. को-एन्झाइम क्यू-१० विषयी विचारणा होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांवरील दोन वर्षांच्या चाचणीत गंभीर हृदयघटना १५ टक्के विरुद्ध २६ टक्के अशा कमी आढळल्या. ही नोंद आशादायक आहे. तथापि जीव वाचवणाऱ्या चार मुख्य औषधगटांत त्याची गणना होत नाही. खिशात मर्यादित पैसे असलेल्या रुग्णाने आधी ती चार औषधे घ्यावीत, असे दुकानदाराने सांगावे.

७. विसावा म्हणजे अंथरूण धरणे नव्हे. २००९ सालच्या मोठ्या चाचणीत स्थिर रुग्णांना देखरेखीखाली दिलेला व्यायाम सुरक्षित ठरला आणि जीवनमान काहीसे सुधारले. धाप न लागता बोलता येईल एवढे रोजचे चालणे, चिकित्सकाच्या संमतीने, सुचवावे.

८. हृद्रोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर वर सांगितलेल्या कारणांनी दुकानातील असे फलक उतरवावेत.

यावर एक आक्षेप येईल, याची आम्हांस कल्पना आहे. ‘रुग्ण आपल्याकडे मोठ्या विश्वासाने येतो, त्याला दुसऱ्या पॅथीच्या गोळ्या घेत राहा असेच सांगावयाचे, तर आपले काय उरले?’ आमच्या मते पुष्कळ उरते. इस्पितळातील चिकित्सक या रुग्णाला तीन महिन्यांतून एकदा काही मिनिटे पाहतो. आपण त्याच्या गल्लीत राहतो. त्याचे मीठ, त्याची झोप, त्याचा मलावष्टंभ, त्याची चिंता, त्याच्या वजनाची वही आणि गोळ्या संपत आल्याची तारीख या सर्वांवर नजर ठेवणारा माणूस त्याला हवा असतो. लघु व वेळेवर आहार, मलप्रवृत्तीसाठी कुंथावे न लागण्याची काळजी, मन शांत ठेवणे ही कामे आपल्या शास्त्राला परकी नाहीत. यातील प्रत्येक गोष्टीने हृदयाचा काही ना काही खर्च वाचतो.

म्हणून आमची संघटनेच्या सभासदांना विनंती आहे, की ‘हृदयबल्य’ हा शब्द आपण टाकून देऊ नये, पण त्याचा अर्थ बदलून घ्यावा. जे हृदयाला हाकते, ते बल्य नव्हे. जे त्याच्यावरचा भार उतरवते, त्याला दोन ठोक्यांमध्ये जेवू देते आणि त्याची चालू औषधे चालू ठेवण्यास साहाय्य करते, तेच बल्य. या कसोटीवर आपल्या फळीवरील बाटल्या एकदा तपासून पाहाव्यात. काही तेथेच राहतील, काही खाली उतरतील. उतरलेल्या बाटल्यांच्या जागी वजनाचा एक काटा आणि एक वही ठेवली, तरी त्या फळीने अधिक रुग्णांचे आयुष्य वाढवले असे म्हणता येईल.